तिसरा आग्रह आणि लॅपटॉपचं झाकण

५ जानेवारी, रविवार. बाहेर उणे सतरा फॅरनहाइट. मीटर ११ युनिट.

आमची वीज सहकारी संस्था दर नाताळाला डायरी देते. एकतीस वर्षं मी या संस्थेसाठी आमचं वेस्टबी गाव आणि आसपासच्या शेतांवर फिरून लोकांचे मीटर वाचले, तेव्हा एकतीस डायऱ्या कपाटात कोऱ्या पडल्या आहेत. बायको, आर्डिस, घरात होती तोवर लिहायची गरज नव्हती. जे सांगायचं ते तिला सांगायचो, म्हणजे फारसं काही नाही.

आर्डिस डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला बहिणीकडे, बर्निसकडे, ॲरिझोनाला गेली. थंडीत तिच्या बोटांचे सांधे धरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टर म्हणाले, उबेत राहा. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, पाइप गोठले तर बघायला कोण आहे? त्यावर ती बॅग भरायला गेली.

आमच्या रेनेने, म्हणजे मुलीने, जाताना मला लॅपटॉप दिला. दर रविवारी चार वाजता आईशी यावर बोल, तोंडं दिसतील, म्हणाली. आज पहिल्यांदा बोललो. आर्डिसचं तोंड दिसलं. बिनबाह्यांचं पोलकं घातलं होतं, जानेवारीत.

नंतर तासभर लॅपटॉप नीट तपासला. यंत्र शहाणं आहे. जागोजागी स्वतःहून विचारतं: वीज वाचवण्यासाठी हे बंद करू का, ते मंद करू का? एका ठिकाणी तर विचारलं होतं, 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी आहे का?' इतक्या नम्रपणे मला या घरात कुणी काही विचारलेलं नाही. सगळीकडे होकाराच्या खुणा केल्या. मग झाकण लावून ठेवलं. खोलीत माणूस नाही तर दिवा नाही, हा या घरचा नियम आहे.

आर्डिसच्या बाजूचा उशापाशी असलेला दिवा दहा मिनिटं लावला. बल्ब फार दिवस बंद राहिला तर खराब होतो.

७ जानेवारी, मंगळवार. उणे बावीस. ११ युनिट.

सकाळी हवामान बघायला झाकण उघडलं तर इंटरनेट नाही. कोपऱ्यात पृथ्वीचं चित्र आणि त्यावर फुली. परवा चांगलं चालत होतं.

इंटरनेटही आमच्या वीज संस्थेचंच, तिच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. बाई म्हणाली, "यंत्र पूर्ण बंद करून परत चालू करा." केलं. इंटरनेट आलं. हवामान बघितलं, उणे बावीस होतं, ते मला खिडकीतल्या तापमापकावरूनही कळलं असतं. झाकण लावलं.

दुपारी उघडलं, पुन्हा फुली. बाईंना पुन्हा फोन. पुन्हा बंद, पुन्हा चालू. "झोपेतून उठल्यावर त्याला जोडणी आठवत नाही," असं म्हणाली. मी म्हटलं, "मी सत्तरी पार केलीय, मला सकाळी उठल्यावर सगळं आठवतं." ती म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवून घेतलीय."

१२ जानेवारी, रविवार. उणे नऊ. १२ युनिट.

घोटाळा झाला आहे. नीट लिहून ठेवतो.

चारला यंत्र बंद-चालू करून तयार ठेवलं होतं. आर्डिस आली. हवामान झालं. त्यांच्याकडे अधिक एकाहत्तर फॅरनहाइट. मग ती म्हणाली, "इथलं कोपऱ्यावरचं छोटं घर रिकामं होतंय. एक मार्चपासून. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड."

"लिंबं लागतात?"

"लागतात."

"बरं आहे की."

तिने टेबलावरचा कागद सरळ केला. "पंधरा फेब्रुवारीपर्यंत त्यांना सांगायचंय. तू येत असशील तर घेऊ म्हणते. कॅनडातल्या सस्कॅचवानचं एक जोडपं टपून बसलंय त्यावर. एकटीला मला काय करायचंय घर? मग राहीन बर्निसच्या पाहुण्यांच्या खोलीत. ती म्हणतेय, उन्हाळ्यातही जाऊ नकोस, राहा कायमची."

"छे, मी कशाला?" मी म्हटलं. "तुमचं दोघींचं छान चाललंय."

"नाही, खरंच ये, वर्लिन."

"उगाच तुला व्याप."

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात तिकडे दाराची घंटी वाजली. आर्डिस म्हणाली, "थांब हं, बर्निस किल्ली विसरली वाटतं. आलेच." आणि उठून गेली.

आता रिकाम्या खुर्चीसाठी वीज कशाला जाळायची? झाकण लावलं. घड्याळ लावून दोन मिनिटांनी उघडलं तर फुली. बंद केलं, चालू करायला गेलो तर यंत्राने स्वतःला सुधारायला घेतलं: पडद्यावर गोल फिरतंय आणि खाली लिहिलंय, बंद करू नका. पंचवीस मिनिटं. ते संपलं तेव्हा आर्डिस नव्हती.

मी तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायला अगदी तयार होतो. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं: 'बरं, इतकं म्हणतेस तर.'

१३ जानेवारी, सोमवार. उणे बारा. ११ युनिट.

बर्निसच्या घरी फोन केला. आर्डिसने उचलला.

"काल ते गेलं," मी म्हटलं.

"हो, गेलं खरं."

"यंत्र."

"असेल. तिकडे बर्फ?"

"आज नाही. उद्या म्हणतायत."

"बरं."

मग दोघंही थोडा वेळ थांबलो. ती परत विचारेल म्हणून मी थांबलो होतो. ती का थांबली होती कोण जाणे. शेवटी मी म्हटलं, "बरं तर." तीही म्हणाली, "बरं तर."

आपण होऊन विषय काढणं म्हणजे हात पुढे करून मागणं झालं.

१६ जानेवारी, गुरुवार. उणे सव्वीस. १३ युनिट.

शेजारचा मिलो प्रोहास्का आला होता. त्याच्या मते सगळा दोष त्याच्या धान्याच्या कोठीचा, पत्र्यावरून लहरी उलट्या फिरतात. मग म्हणाला लॅपटॉप खिडकीत ठेव. खिडकीत ठेवला, झाकण लावलं, उघडलं, फुली. शीतकपाटावर ठेवला, फुली. मिलोने तो डोक्यावर धरून स्वयंपाकघरात एक फेरी मारली. तो डोक्यावर असताना इंटरनेट दोन मिनिटं आलं, असं तो म्हणतो. मला पडदा दिसत नव्हता.

त्याला घराची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग जा की. पाइप मी बघेन."

"नको रे, तुला कशाला त्रास?"

"बरं," म्हणाला, आणि उरलेला केक खाऊन गेला.

मिलो माणूस चांगला, पण त्याचे आईबाप बोहेमियाचे. त्यांच्यात एकदाच विचारतात. आमच्यात पहिल्या आग्रहाला हो म्हणणारा हावरा आणि दुसऱ्याला म्हणणारा उतावळा. तिसऱ्याला माणूस हो म्हणतो, तेही अर्ध्या कप कॉफीलाच. हे कुणाला शिकवावं लागत नाही. आर्डिसला तर नाहीच नाही, तिची आई चार आग्रह करायला लावायची. तेव्हा तिसरा आग्रह बाकी आहे हे आर्डिसला ठाऊक आहे. फक्त जोडणी हवी.

१९ जानेवारी, रविवार. उणे चौदा. १२ युनिट.

आज तयारीत चूक ठेवायची नाही असं ठरवलं होतं. साडेतीनलाच यंत्र बंद-चालू केलं. इंटरनेट झकास. दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. पावणेचार वाजता सगळं तयार, मग मधली पंधरा मिनिटं ते उगाच चालू कशाला ठेवायचं म्हणून झाकण लावलं.

चारला उघडलं. फुली.

बंद-चालू करावं तर मागच्यासारखं पुन्हा पंचवीस मिनिटं स्वतःला सुधारत बसेल, म्हणून हात लावला नाही. सव्वाचारला फोन वाजला. आर्डिस म्हणाली, "आज नाही का?"

"यंत्र उठत नाहीये."

"असू दे. काम असेल तुला."

या घरात मला काय काम असणार? पण तसं म्हणायचं सुचलं नाही. मागून बर्निसचा आवाज आला, ते सस्कॅचवानवाले आज लिंबाच्या झाडाखाली फोटो काढत होते म्हणून. आर्डिसने ते मला सांगितलं नाही, म्हणजे मी ते ऐकलं नाही असं धरायचं.

२१ जानेवारी, मंगळवार. उणे एकोणीस. १२ युनिट.

पास्टर नोएमी ओर्टेगा आल्या होत्या. चर्चची रविवारची प्रार्थना त्या इंटरनेटवरून दाखवतात, तेव्हा गावात या यंत्रातलं कळणारं एकच माणूस, म्हणजे त्या. कॅलिफोर्नियाच्या आहेत. मी म्हटलं, कॉफी घेणार? म्हणाल्या, "हो, घेते की." पहिल्याच वेळी. मी कॉफी टाकलीच नव्हती, तिसऱ्यापर्यंत वेळ असतो या हिशेबाने. त्यांना दहा मिनिटं बसावं लागलं.

त्यांनी यंत्राच्या पोटात कुठे कुठे शिरून बघितलं. मग "हं" म्हणाल्या, काहीतरी टिचकी मारली. झाकण लावलं, उघडलं. इंटरनेट होतं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. होतं. पाच वेळा.

"झोपताना ते जोडणीचं यंत्रच बंद करत होतं," म्हणाल्या. "उठल्यावर त्याला चालू करायचं विसरायचं. आता नाही करणार." मग विचारलं, "तुम्ही एकटेच जेवता का हो?" मी म्हटलं, शीतकपाटात आर्डिसने करून गोठवून ठेवलेलं हॉटडिश आहे, बटाटे आणि खिमा, फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरेल. त्या म्हणाल्या, "मी तसं नव्हतं विचारलं." मग कसं विचारलं होतं ते काही सांगितलं नाही.

त्या गेल्यावर मी सगळं एकदा तपासलं. घाईत त्यांच्याकडून एक खूण काढली गेली होती, ती वीज वाचवायच्या परवानगीची. मी पुन्हा केली. बाई भल्या आहेत, पण विजेच्या बाबतीत कॅलिफोर्नियाची माणसं सैल असतात.

२६ जानेवारी, रविवार. उणे वीस. १३ युनिट.

फुली. पास्टरांना फोन केला तर प्रार्थनेच्या गडबडीत होत्या. मंगळवारी येते म्हणाल्या.

आर्डिसशी फोनवर बोललो. हवामान.

२८ जानेवारी, मंगळवार. उणे एकतीस. १४ युनिट.

पास्टर आल्या. या वेळी कॉफी आधीच करून ठेवली होती. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अरेच्चा, खूण परत आली की. यंत्र आपलं आपणच सुधारतं ना, तेव्हा जुन्यावर जातं कधीकधी." मी म्हटलं, "असेल." मला जरा बरं वाटलं. म्हणजे यंत्राचंही मत माझ्यासारखंच आहे.

त्यांनी खूण काढली. रात्री मी केली.

युनिटं चौदावर गेली आहेत. शोध घेतला. आर्डिसच्या बाजूचा दिवा हल्ली तासभर राहतो. मला डोळा लागतो आणि तो तसाच राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार. उणे अकरा. १४ युनिट.

फुली.

पाच वाजता रेनेचा बिस्मार्कहून फोन. "बाबा, आई म्हणाली तू यायला नको म्हटलंस."

"मी कुठे नको म्हटलं?"

"दोनदा म्हटलंस म्हणे. आणि वर झाकण लावून टाकलंस."

"दोनदाच ना?"

रेने म्हणाली, "बाबा, दोनदा नको म्हणजे सगळ्या जगात नकोच असतं."

"तुझ्या आईला ठाऊक आहे कसं असतं ते."

"आईला ठाऊक आहे की तू रागावून उठून गेलास. तिला वाटतं, ती तिकडे गेली याचाच तुला राग आहे. आणि हे आता तीन आठवडे झाले. ती शनिवारी पंधराला ते घर सोडणार आहे. बर्निसमावशीकडेच राहणार म्हणतेय, पुढेही. तुला कळतंय का, पुढेही म्हणजे काय?"

मला कळलं. मी म्हटलं, हवामान कसं आहे तिकडे? ती म्हणाली, "बाबा!" आणि फोन ठेवला.

मला राग कधीच आला नव्हता. मला फक्त पुन्हा विचारायला हवं होतं. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला हे कसं कळलं नाही? जेवण गेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार.

काही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. उणे आठ. १५ युनिट.

पास्टर तिसऱ्यांदा आल्या. यंत्र उघडलं, खुणेकडे बघितलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"वर्लिन, ही खूण तुम्ही करता का?"

"करतो की. तुमच्याकडून राहून जाते ना दर वेळी."

त्यांनी चष्मा परत लावला. मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. सावकाश सांगितलं. ती खूण म्हणजेच आजार. मी परवानगी दिली म्हणून झाकण पडलं की यंत्र जोडणी तोडतं, आणि उठल्यावर पुन्हा जोडायचं त्याला जमत नाही. चार आठवडे मीच तोडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मिलोच्या डोक्यावरून.

"पण वीज वाचते," मी म्हटलं.

"किती?"

हा मात्र माझा प्रांत. कागद घेतला. मांडलं, दोनदा ताडून बघितलं. झोपेत ती जोडणी चालू राहिली तर वर्षभरात जेवढी वीज जाईल, तेवढ्यात कॉफीची काही भांडी उकळतील. या बाई तीन फेऱ्यांत माझ्याकडे त्याहून जास्त प्यायल्या असतील.

मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला. "आता काय करणार?"

"रविवारी ती विचारेल."

"आणि नाही विचारलं तर? पुढच्या शनिवारी उत्तर द्यायचंय त्यांना. तुमच्या पद्धतीत त्याला काय उपाय आहे?"

विचार केला. आमच्या पद्धतीत त्याला काही उपाय नाही.

खूण त्यांनी माझ्याच हाताने काढायला लावली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. उणे पाच. १४ युनिट.

आर्डिसला फोन केला. आज स्पष्ट बोलायचंच असं ठरवून केला होता. शेजारी बर्निस बसलेली असावी, तिचा रेडिओ ऐकू येत होता. अकरा मिनिटं बोललो. वारा वायव्येचा आहे. त्यांच्याकडे धूळ.

मिलोकडे गेलो. म्हटलं, "तू पाइपांचं म्हणाला होतास ना, गेल्या महिन्यात."

"तू नको म्हणालास."

"हो, पण."

"वर्लिन, ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? बघू का पाइप?"

"हो," मी म्हटलं. एकदाच. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मिलोला त्यात काही विशेष वाटलं नाही, तो परत बर्फ ओढायला लागला.

९ फेब्रुवारी, रविवार. बाहेर उणे दोन.

मीटर अजून बघितला नाही, आधी हे लिहितो.

चार वाजता झाकण उघडलं. पृथ्वीवर फुली नव्हती. आर्डिस आली. केस कापले आहेत. मी म्हटलं, "केस कापलेस."

"तीन आठवडे झाले."

"चांगले आहेत."

"गरम होतं इथे."

मग हवामान झालं, सगळं. मग काही उरलं नाही. मी थांबलो. ती थांबली. तिच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं, त्यावर तीन वाजून वीस मिनिटं, कारण त्यांच्याकडे एक तास मागे. मी तो काटा बघत होतो. ती विचारणार नाही हे मला काटा पंचवीसवर आला तेव्हा कळलं. तिने दोनदा विचारलं होतं, दोनदा नको ऐकलं होतं, आणि तिच्या दृष्टीने वर झाकण. कुठल्या तोंडाने विचारेल?

"ते कोपऱ्यावरचं घर," मी म्हटलं. "गेलं का?"

"शनिवारी सांगायचंय."

"मी येऊ का?"

बोललो खरा. माझाच आवाज परक्यासारखा वाटला.

आर्डिस टेबलाकडे बघत म्हणाली, "नको रे, कशाला? एवढा लांब प्रवास."

 विचार केला, हे पहिलं आहे.

"खरंच येतो म्हणतो. मिलो पाइप बघतोय."

"तुला करमायचं नाही इथे. उगाच माझ्यासाठी."

दुसरं. म्हणजे पुढचं ठाऊक आहे कसं असतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बर्निस ओरडली, काहीतरी उतू गेलं होतं. आर्डिस म्हणाली, "थांब," आणि उठली. थांब हे तिने असं म्हटलं, जणू त्याला आता काही अर्थ नाही.

रिकामी खुर्ची, मागे भिंत, भिंतीवर घड्याळ. माझा हात झाकणावर गेला होता. तो मी कधी ठेवला ते मला सांगता येणार नाही. पास्टर म्हणाल्या आहेत की आता झाकण लावून उघडलं तरी चालतं. पण लावावंसं वाटेना. हात काढून मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिलो.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग बर्निस म्हणाली, "काय म्हणतोय?"

"येऊ का विचारतोय."

"मग?"

"नको म्हटलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"शाब्बास. आता बसला असेल तिकडे झाकण लावून."

नळ सुरू झाला, बराच वेळ चालू होता. पाणी फार वाया घालवतात. मग नळ बंद झाला आणि आर्डिस म्हणाली, "त्या दिवशी तुला दार उघडून परत गेले ना, तर पडदा काळा. मला वाटलं येईल, काहीतरी झालं असेल. चांगली पंचवीस मिनिटं बसले होते गं मी तिथे. तू दोनदा येऊन बघून गेलीस, मी तुला सांगितलं की पत्ते लावतेय."

"मला ठाऊक होतं पत्ते नव्हते ते," बर्निस म्हणाली.

"तिसऱ्यांदा विचारलं असतं मी. विचारणारच होते."

 माणसाने दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी ऐकत राहिलो. मला रडू आलं, ते इथे लिहितो कारण ही वही कुणी वाचत नाही. पंचवीस मिनिटं मी त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत होतो तेव्हा ती तिकडे काळ्या पडद्याकडे बघत होती. मला वाटत होतं मी एकटाच थांबलोय.

एकूण अकरा मिनिटं ती खुर्ची रिकामी होती. मग आर्डिस आली ती टेबल पुसायला फडकं घेऊन. पडद्याकडे न बघताच पुसायला लागली. मी खाकरलो. ती दचकली.

"अजून आहेस?"

"आहे."

"चालू ठेवलंस? इतका वेळ?"

"हो."

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली. मग हळूच खुर्चीवर टेकली. डोळे लाल होते, माझेही असणार, पण त्या पडद्यावर सगळ्यांचेच डोळे जरा तसे दिसतात.

"आर्डिस," मी म्हटलं, "मी येऊ का?"

तिने फडक्याची घडी घातली, मग परत उलगडली.

"बरं," म्हणाली. "इतकं म्हणतोस तर."

मग दोघंही एकदम दुसरंच काहीतरी बोललो, ती गाडीतल्या तेलाचं आणि मी बर्फाचं. मी निघायचं बुधवारी, वाटेत दोन मुक्काम. ती म्हणाली, जाड कोट गाडीतच ठेव, इथे आणलास तर लोक बघतील. मी म्हटलं, लिंबाला पाणी कोण घालतं? ती म्हणाली, "तू."

साडेचार वाजून गेले होते, म्हणजे आमची जेवायची वेळ. मी म्हटलं, "बरं तर." ती म्हणाली, "जेवणार आता?" मी म्हटलं, हो, ते तुझं हॉटडिश आहे ना. ती म्हणाली, "मग आण की इथेच. मीपण आणते."

ताट घेऊन आलो. तीही आली. बर्निस आतच जेवली, का ते माहीत नाही, एरवी ती गप्पांना मागे नसते. आम्ही समोरासमोर बसलो. मिलोला मी पाइपांचं पहिल्याच वेळी हो म्हटलं, हे सांगितल्यावर ती घास हातात धरून हसली. नंतर फारसं बोललो नाही. जेवताना आम्ही कधीच बोलत नाही.

मध्येच आर्डिसने ताटावरून नजर न उचलता हात पुढे केला आणि थांबली. मी मिठाची बाटली उचलून पडद्याला टेकवली.